चौथ्या दुर्गी चिमणाबाई दमली, तो मजकूर

स्वस्ति श्री. जिच्या स्पर्शे काळी काच उजळते आणि जी गेली असता राव-रंक एकाच अंधारात बसतात, त्या विजेस प्रथम दंडवत. दुसरा दंडवत अंगठ्यास, की तयावाचून कोणताही गड हाती येत नाही. श्रोतीं बोटे आवरावीत आणि कान द्यावा.

शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, आश्विन मास. ते समयी खेळ घडविणारांचे एक राज्य होते, त्याचे नाव लिहिण्याची आम्हांस परवानगी नाही. राज्यात तोफ नाही, घोडा नाही, गोल फिरत्या खुर्च्या मात्र बहुत. त्या गादीवर धाकटे श्रीमंत नवे बसले आणि बसताच त्यांचे मनी आले की थोरल्या श्रीमंतांचे वेळचा नामांकित खेळ ‘चिमणाबाईची स्वारी’, तो नव्याने घडवावा. हा खेळ म्हणजे काय, तर चिमणाबाई नामे एक गोलमटोल चिमणी, गळ्यात जोंधळ्याची पोतडी, ती आभाळातून उडत जाई आणि चोचीने दाणे मारून शत्रूची फौज पाडी. फौज कोणाची, तर मिरच्या, भेंड्या आणि काटेरी वांगी यांची; सर्वांचे गालांस खळ्या, मारणारे हसत, मरणारेही हसत. चिमणाबाईस घाव लागता ती उताणी पडे, दोन्ही पाय वर करी आणि ‘च्यँव’ ऐसे बोले. शके एकोणीसशे दहात गावोगावच्या पार्लरांतून या खेळाचे पेटीपुढे पोरांनी शाळा बुडविल्या, हे सर्वांस ठाऊक आहे, आम्ही नव्याने काय सांगावे!

हा खेळ त्र्यंबकपंत आठल्ये यांनी एकट्याने रचिला. पंत आता सत्तरीस आले, परंतु एक सल त्यांचे उरी तेव्हापासून होता. तो ऐसा की, खेळाचे टप्पे म्हणजे दुर्ग, त्यांतील चौथ्या दुर्गी शत्रूचा धनी वांगेराजा स्वतः युद्धास येई आणि एकदम दोनशेवर बिया फेकी, आणि त्या काळचे यंत्र गरीब, त्यास इतक्या बिया एके वेळी झेपत ना, मग अवघा खेळच घाट चढणाऱ्या बैलगाडीसारखा मंद होई. पहिल्या दिवशी भर दरबारात हे घडले आणि थोरले श्रीमंत हसून बोलिले, “काय पंत, तुमची चिमणी दमली का हो?” आणि सारा दरबार खो खो हसला. थोरले श्रीमंत विसरले, दरबार विसरला, पंत मात्र विसरले नाहीत. त्या दिवसापासून कोणी तो खेळ खेळू लागला आणि चौथा दुर्ग आला, की पंत मान फिरवून खिडकीबाहेर पाहात. छत्तीस वर्षे ऐसेच केले. घरी त्यांची बायको जिना चढता चढता थांबे आणि म्हणे, “थांबा हो, माझी चिमणी दमली.” तीही आता नाही.

तर धाकट्या श्रीमंतांनी पंतांस पालखी म्हणजे भाड्याची मोटार पाठवून आणविले आणि पुसिले, “काका, मान काय देऊ?” पंत बोलिले, “शाल नको, श्रीफळ नको. चौथ्या दुर्गी खेळ मंदावता नये, एवढं करा. मला एकदा ती न दमता उडालेली बघायची आहे.” मग कामाची मुख्य कारभारीण मृण्मयीबाई, वयाने तीस, जिभेने तिखट, तिने तेथल्या तेथे कागद करून दिला की पंतांचे संमतीवाचून नव्या खेळाचा वेग कोठेही तिळभर उतरणार नाही, आणि श्रीमंतांनी त्यावर सही केली. मुहूर्त ठरला चंपाषष्ठीचा. कारण चातुर्मासभर वर्ज्य असलेले वांगे त्या दिवशी भरीत होऊन पानात येते, सबब शत्रूनेही त्याच दिवशी मैदानी यावे, ऐसे श्रीमंतांचे मत पडले. त्यांचे मत पडले की ते पडलेलेच असते.

मग मोठी तयारी जाहली. चिमणाबाईस तीनशे पिसे निरनिराळी बसविली आणि वांग्यांस तेल चोळल्यासारखी झळाळी आणिली. कार्तिकात पंतांस दाखविले, तो चौथा दुर्ग तेलाची धार धरावी तैसा चालिला, बिया दोनशेच्या तीनशे केल्या तरी कोठे अडखळणे नाही. पंतांनी छत्तीस वर्षांत प्रथम मान फिरविली नाही. डोळ्यांस पाणी आले ते लपविलेही नाही, आणि घरी जाऊन बायकोचे तसबिरीपुढे एक पेढा ठेविला.

पुढे घात जाहला. खेळ बाहेर पाठविण्यापूर्वी पारखून घ्यावा म्हणोन चाळीस निवडक गडी त्यावर सोडिले, तो चाळीसच्या चाळीस चौथ्या दुर्गी पडले. डोळा लवतो न लवतो तो उताणे आणि पाय वर. दुसरे दिवशीही तेच, तिसरे दिवशीही तेच. कचेरीत सकाळपासून सायंकाळपर्यंत च्यँव च्यँव ऐसा आवाज चालला, तो इतका की चहावाल्यास ‘किती कप?’ पुसिले तर तोही च्यँव म्हणे. मृण्मयीबाईंनी बिया कमी केल्या, तो वांगेराजा बोडका दिसू लागला. खेळाचा वेग न शिवता नुसत्या बियांची चाल उतरविली, तो चाळीस गडी जिंकले खरे, परंतु खेळता खेळता जांभया देऊ लागले. मुहूर्त नऊ दिवसांवर आला आणि श्रीमंत तापले. “अहो, साधी वांगी आहेत ती! पोरांनी मारली होती तेव्हा!” तेव्हा पंतांस आठवले की जुन्या पेटीवर अव्वल म्हणोन एकच नाव कायम असे, सुलभा तांबट. शोध केला, तो त्या बाई दोन गावे पलीकडे साड्यांस फॉल-पिको करण्याचे दुकान चालवीत होत्या. दुकानास कुलूप लावून, “दुपारपर्यंत परत सोडा, लग्नसराई आहे,” ऐसे बजावून आल्या.

बाई नव्या खेळास बसल्या. तीन दुर्ग हसत घेतले. चौथ्या दुर्गी च्यँव. पुनः बसल्या, पुनः च्यँव. मग हात मांडीवर ठेवून म्हणाल्या, “हा तो खेळ नव्हे.”

मृण्मयी म्हणाली, “ताई, नकाशा तोच आहे. बी न् बी मोजून घेतलंय.”

“असेल. पण इथे ती दम टाकायची. सगळं हळू व्हायचं, बिया हवेत लोंबकळायच्या आणि तेवढ्यात आपण फट शोधून ठेवायची. आम्ही म्हणायचो, बनवणारा कोण असेल तो मोठा मायाळू माणूस असणार. ऐन मरायच्या वेळी सवड देतो.”

पंतांचे तोंड उतरले आणि ते हळूच बोलिले, “बाई, ती चूक होती. यंत्राला झेपत नव्हतं.”

“अगं बाई, तुम्हीच का ते? चूक असेल हो, आम्हांला कुणी सांगितलं नव्हतं,” बाई म्हणाल्या.

सर्वांनी पंतांकडे पाहिले, कारण कागद पंतांचे नावे होता. श्रीमंत हात जोडून म्हणाले, “काका, एक शब्द द्या.” एकच गोष्ट मागितली होती, ती मिळून महिना जाहला नाही तोच परत द्यावयाची, हे सोपे नव्हे. ज्यास सोपे वाटते त्याने आपले छत्तीस वर्षांचे दुखणे आधी मोजावे. मग पंत बोलिले, “जुनी पेटी आणा. बाईंना तीवर खेळू द्या.”

तळघरातून पेटी आली, धूळ झाडिली, बाई उभ्यानेच खेळू लागल्या. एक दुर्ग, दोन, तीन. चौथा आला, वांगेराजा हसत हसत आला, दोनशे बिया सुटल्या आणि खेळ मंदावला. पंतांची मान सवयीने खिडकीकडे वळली, ती त्यांनी हाताने धरावी तैशी माघारी आणिली, आणि काचेकडे नव्हे, बाईंचे मुखाकडे पाहिले. खेळणाराचे तोंड त्या ठिकाणी कैसे होते हे त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. तो काय दिसले, की खांदे खाली आले, कपाळाची आठी गेली आणि बाईंनी एक पुरा श्वास घेतला. मग बोटे चालली आणि वांगेराजा पडला. बाई टाळी वाजवून ओरडल्या, “पडला मेला!” आणि पन्नाशीची ती बाई चौदा वर्षांची दिसली.

पंत म्हणाले, “मृण्मयी, दमू दे तिला.”

“काका, नक्की?”

“नक्की. कागद फाड.”

मग सहा दिवस विलक्षण काम चालले. नवे यंत्र बलाढ्य, त्यास धाप म्हणजे काय हे ठाऊक नाही, त्यास धाप शिकवावी लागली. दोनशेव्या बीस पाऊल जड करावे, किती जड, कोठवर, हे पंत आणि मृण्मयी शेजारी शेजारी बसून ठरवीत, ती म्हणे “एवढं पुरे,” पंत म्हणत “अजून थोडं, श्वास पुरा होऊ दे.” ज्या दोषासाठी जन्मभर लाजले, तो त्यांनी स्वहस्ते वाटी-चमच्याने मापून घातला. चाळीस गड्यांपैकी एकोणतीस पार जाहले, उरले ते रडत पुनः खेळू लागले. जैसे व्हावे तैसेच जाहले.

चंपाषष्ठीस खेळ बाहेर पडला आणि दरबारी भरीत-रोडग्याचे जेवण जाहले. जेवता जेवता एक अखबारवाला, नवा नवा शहाणा, हाती खेळ घेऊन आला आणि सर्वांदेखत पंतांस पुसता जाहला, “आजोबा, एवढं नवं यंत्र आणि चौथ्या दुर्गाला हे काय? तुमची चिमणी दमली का हो?” मृण्मयीबाईंचा घास हातीच राहिला. पंतांनी भरिताचा एक घास शांतपणे गिळिला, वर पाणी प्याले आणि म्हणाले, “हो, दमली. तुम्हीही घ्या थोडा दम, मग पुढे जा.” तो शहाणा पुनः खेळू लागला, आणि बोट थांबवून त्याने एक श्वास घेतला तो पंतांनी डोळे भरून पाहिला.

एवंच, चिमणाबाईची स्वारी दुसऱ्यांदा निघाली आणि चौथा दुर्ग सर झाला. सुलभाबाई तर जुन्या पेटीवर खेळल्या त्याच दुपारी परत जाऊन लग्नाच्या साड्या वेळेत देत्या जाहल्या होत्या. पंतांचे घरी तसबिरीपुढे दुसरा पेढा ठेविला गेला. जैसे पाहिले तैसे लिहिले, अधिक-उणे वाचणाराने पोटी घालावे.