पाण्याच्या सोयरिकी

सुमनताई कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेल्या की हवापाण्याच्या गप्पा मारत नाहीत. सरळ विचारतात, "तुमचं सांडपाणी कुठे जातं?"

माझ्या धाकट्या बहिणीला बघायला ठाण्याचे पाहुणे आले होते. आमच्याकडून वडीलधारं माणूस असावं म्हणून मी ताईंना बोलावलं. कांदेपोह्यांच्या बशा फिरल्या, मुलाचं शिक्षण झालं, मुलीची आवड झाली आणि ताईंनी मुलाच्या वडिलांना गाठलं.

"तुमच्या सोसायटीचं सांडपाणी कुठे जातं?"

"गटारात," ते म्हणाले.

"आणि तिथून?"

"तिथून... पुढे."

"पुढे म्हणजे कुठे?"

त्या गृहस्थांनी बायकोकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं. घरात कुणालाच माहीत नव्हतं. "साठ वर्षं पाणी सोडताय आणि एकदाही चौकशी केली नाहीत?" ताईंनी इतक्या दुखावलेल्या आवाजात विचारलं, की जणू त्यांनी लेक दिली होती आणि हे तिची खुशाली विसरले होते. लग्न जमलं. पण कुठलंही कार्य निघालं की बहिणीचे सासरे आधी फोन करतात, "त्या गटारवाल्या बाई येणार आहेत का?"

ताई पर्यावरण इंजिनिअर आहेत. वय साठीच्या आसपास, लग्न केलेलं नाही, पदर खोचलेला, स्कूटर जुनी. पनवेलच्या एसटी स्टँडमागे दोन खोल्यांचं त्यांचं ऑफिस आहे, तिथे मी नकाशे काढते. त्यांच्या पर्समध्ये कंगवा नसतो, पण पाण्याचे नमुने भरलेल्या बाटल्या असतात. एकदा भाजीवाल्याला सुटे पैसे देताना त्यांनी गडद नारिंगी रंगाची बाटली बाहेर काढून टोमॅटोंच्या ढिगावर ठेवली. त्याने विचारलं, "सरबत हाय का, ताई?" ताईंनी ते काय आहे हे त्याला सविस्तर सांगितलं. त्याने ताईंच्या देखत सगळे टोमॅटो धुतले.

तळोज्याच्या छोट्या कारखानदारांच्या संघटनेने त्यांना एक काम दिलं होतं. प्रत्येकाला आपलं सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा परवडत नव्हती. तेव्हा सगळ्यांचं पाणी पाइपाने एका जागी आणायचं, तिथे ते सगळ्यांनी मिळून स्वच्छ करायचं आणि मग खाडीत सोडायचं. अशा सामायिक केंद्राची आखणी ताईंनी करायची होती. "एकत्र कुटुंबच म्हण," त्या मला म्हणाल्या. "एकाने घाण केली की सगळ्यांच्या ताटात येते."

ताई कारखानदारांना नावाने ओळखत नसत, पाण्याने ओळखत. धातू धुणारे मेहता म्हणजे 'आंबट', कारण त्यांच्याकडून आम्ल यायचं. साबणाचा कच्चा माल बनवणारे सावंत म्हणजे 'बुळबुळीत'. सावंतांना हे आवडायचं नाही. "मॅडम, निदान लोकांसमोर तरी नको," असं ते एकदा म्हणाले. ताई म्हणाल्या, "अहो, अल्कली बुळबुळीतच असते. त्यात कसला कमीपणा?"

या दोघांची भिंत एक आणि भांडण जुनं होतं. ट्रक उभे करण्यावरून बोलणं बंद पडलेलं. ताईंच्या डोक्यात मात्र दुसरंच होतं. आंबट आणि बुळबुळीत आधीच एका टाकीत मिसळले, तर दोघांचाही जोर तिथेच निम्मा होतो आणि पुढचं काम सोपं जातं. "ही सोयरीक मी जमवणार," त्यांनी जाहीर केलं.

त्यांनी दोघांना एकमेकांना न सांगता घरी चहाला बोलावलं. दोघं दारातच भेटले आणि परत फिरायला लागले, तेव्हा ताईंनी दोघांना आत घेऊन दरवाजा लावला. टेबलावर एका पेल्यात लिंबाचा रस आणि दुसऱ्यात खायच्या सोड्याचं पाणी होतं. ताईंनी एकात दुसरं ओतलं. फसफसून फेस वर आला, टेबलावर सांडला, मेहतांच्या पँटवर गेला आणि मग हळूहळू बसला.

"झालं," ताई म्हणाल्या. "आता प्या. कुणाला काही होत नाही."

मेहतांनी एक घोट घेतला आणि पेला सावंतांपुढे सरकवला. "तुमचंच जास्त झालंय," ते म्हणाले. त्या दोघांमधलं ते कित्येक वर्षांतलं पहिलं वाक्य.

अशा सोयरिकी जमवत ताईंनी सगळा आराखडा उभा केला. अडलं ते शेवटच्या पाइपाशी. स्वच्छ झालेलं पाणी खाडीत सोडायचा पाइप त्यांनी खाडीकाठच्या गावावरून पार पुढे, मुखाजवळ नेला होता. संघटनेचं म्हणणं, गावाच्या अलीकडे सोडलं तरी नियमात बसतं, मग एवढं लांब कशाला? एरवी टाकीच्या झाकणावरही तासभर बोलणाऱ्या ताई म्हणाल्या, "लागतो." त्यापुढे काही नाही. मला वाटलं, म्हातारपणचा हट्ट.

मग गावकऱ्यांची सुनावणी झाली, गावातल्याच मंगल कार्यालयात. लोक चिडलेले होते, आणि त्यांचं चुकत नव्हतं. खाडीतली मासळी गेली होती, जाळ्यांना फेस लागायचा. गावातर्फे नारायणदादा उठले. पांढरे केस, रापलेला चेहरा, साधा सदरा.

"आमाला सांगतात पानी साफ करून सोडनार," ते म्हणाले. "आजवर कोनी साफ सोडलंय? आमचा इस्वास नाय. आन् सोडनार कुठं, ते कोनी बोलतच नाय."

ताई उठल्या. हातात नकाशा होता, पण तो त्यांनी उलगडला नाही.

"तुमच्या वाकड्या उघाडीपासून खाली," त्या म्हणाल्या. उघाडी म्हणजे बांधातली पाणी सोडायची झडप. "म्हातारीचा कोंड सोडून, बगळ्यांची तिवरं सोडून, जिथे खाडी शेवटचं वळण घेते तिथे. तेही फक्त ओहोटीला. म्हणजे पाणी गावाकडे न फिरता थेट बाहेर जाईल."

ही नावं माझ्या कुठल्याच नकाशात नव्हती.

"ही नावा तुमाला कोनी सांगली?" नारायणदादांनी विचारलं.

"तुम्हीच," ताई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

नारायणदादांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि म्हणाले, "सुमन जोशी काय?" ताईंनी मान हलवली. "पाइप तितं जानार असेल," ते लोकांकडे वळून म्हणाले, "तर आपन बोलू." गावाने मान्यता दिली, अट एकच घातली, की पाइप एक हातही अलीकडे येणार नाही. संघटनेला ती मानावी लागली.

परतताना ताईंनी स्कूटर रस्त्याच्या कडेला घेतली. "कॉलेजला एका वर्गात होतो आम्ही," त्या म्हणाल्या. "सुटीत त्याच्या होडीतून खाडीभर हिंडायचो. चिखलातले निवटे मासे हाताने पकडायला त्याने शिकवलं मला. जोश्यांची मुलगी, घरी कळलं तेव्हा आईला जास्त धक्का निवट्यांचा बसला की होडीचा, मला अजून माहीत नाही."

"मग?"

"मग काय. माझ्या घरचे नाही म्हणाले, त्याच्या घरचेही नाही म्हणाले. त्या दोन घरांचं एकमत झालं ते तेवढ्या एकाच गोष्टीवर. आणि आम्ही शहाणी मुलं, ऐकलं." त्यांनी स्कूटरला किक मारली. "त्याची बायको फार चांगली आहे हं. सभेत मागे बसली होती. मला पाणी तिनेच आणून दिलं."

पाइपाची नेमकी जागा ठरवायला आम्हाला खाडीत जावं लागलं. नारायणदादांनी स्वतः होडी काढली. होडीत आम्ही तिघंच होतो. ओहोटीबरोबर आम्ही खाली गेलो. शेवटच्या वळणावर ताईंनी नमुना घेतला, मी खूण नोंदवली.

"निवटं परत येतील काय?" दादांनी विचारलं.

"लगेच नाही. वर्षं लागतील."

"आपल्याला दिसतील?"

ताईंनी बाटलीचं झाकण घट्ट केलं. "नातवंडांना दिसतील," त्या म्हणाल्या.

"माज्या," दादा बोलून गेले आणि ओशाळून दुसरीकडे बघायला लागले.

"हो, तुझ्या," ताई म्हणाल्या, आणि हसल्या. इतके दिवस त्या त्यांना 'तुम्ही' म्हणत होत्या.

"भरती लागली," थोड्या वेळाने दादा म्हणाले. "निघू या." त्यांनी इंजिनाच्या दोरीला हात घातला.

"राहू दे ना जरा," ताई म्हणाल्या.

दादांनी हात काढून घेतला. मी पाठ फिरवून काठावरच्या तिवरांच्या झाडीकडे बघत बसले. कुणी वल्हं उचललं नाही. पाणी चढत होतं, आणि होडी आपसूक, अगदी सावकाश, गावाच्या दिशेने सरकू लागली.