जप्त मांजाची पतंग

वसंत पंचमीला सोनखेडीत पतंगी उडतात आणि रस्त्याने जाणाऱ्यांचे गळे चिरतात. पैकी पहिली गोष्ट परंपरा असून दुसरीबाबत वरिष्ठ गंभीर आहेत. म्हणून यंदा गावात 'पतंगोत्सव सुरक्षा कक्ष' उघडण्यात आला आणि ठाण्यातल्या फौजदार इंद्रजितला त्याचा प्रमुख नेमण्यात आलं.

कक्षात पहिल्या आल्या त्या उपकेंद्रातल्या नर्स कांताबाई. गेल्या पंचमीला स्कूटीवरून लसीकरणाला जाताना नायलॉन मांजाने त्यांचा गळा चिरला होता. ओढणी सरकवून त्यांनी व्रण दाखवला.

"सायेब, पंचमीले मले त्याच रस्त्यानं जा लागते. यंदा गळा घेऊन घरी येईन ना?"

"ताई, निश्चिंत राहा. कक्ष उघडलाय."

आणि खरंच, इंद्रजितने तालुक्याच्या नेरपर्यंतच्या दुकानांतला नायलॉन मांजा जप्त करून कपाटात कोंडला. हारतुरे झाले. मग उत्सव समितीचे अध्यक्ष किसनराव आले.

"उद्घाटनाची पतंग माही. साध्या सुती दोऱ्यावर. पेपरात तसं देऊन टाकलं."

"उत्तम, भाऊ."

"पण ते कटली नाही पाहिजे."

इंद्रजित चाचरला. "दुकानातला मांजा जप्त झाला. गच्च्यांवरचा अजून तिथंच आहे. सुती दोरा घटकाभर टिकणार नाही."

"मंग गच्च्यांवरचा जप्त कर ना."

"गच्च्यांवर मतदार आहेत, भाऊ."

किसनरावांची नजर कपाटावर गेली. त्याच संध्याकाळी, जप्त मुद्देमाल 'जनजागृतीपर प्रात्यक्षिकासाठी' वापरण्याच्या टिपणीवर सही झाली.

पंचमीला सारं गाव शपथेला उभं राहिलं. नायलॉन वापरणार नाही म्हणून सर्वांचे उजवे हात वर होते. डावे पाठीमागे होते, कारण त्यांत नायलॉन मांजाची चक्री होती.

अध्यक्षांच्या पतंगीवर त्यांचाच हसरा फोटो होता. तिने दुपारपर्यंत निम्मं आभाळ साफ केलं. 'ओ काट'च्या आरोळ्यांनी गाव दणाणलं. अखेर कुठल्याशा गच्चीवरून आणखी जाड नायलॉन आला आणि ती पतंग कटून मांजाची लांबलचक शेपटी ओढत रस्त्याकडे गेली.

कांताबाई यंदा गळ्याला चामडी पट्टा बांधून निघाल्या होत्या. पट्टा चिरला, गळा वाचला. हसऱ्या किसनरावांसकट मांजा गुंडाळून त्या थेट कक्षात आल्या.

"सायेब, हे घ्या."

इंद्रजितने मांजा पाहिला, मग पेपर पाहिला.

"ताई, अध्यक्षांची पतंग सुती दोऱ्यावर होती, असं छापून आलंय. म्हणजे हा मांजा त्यांचा नाही. बंदी असलेला माल तुमच्याजवळ सापडला."

"माह्या गळ्यात सापडला, सायेब."

"ठिकाण पंचनाम्यात नमूद करतो."

पंच म्हणून दोन प्रतिष्ठित नागरिकांना गच्चीवरून बोलावलं. दोघांच्याही तर्जनीवर पट्टी होती.

"भाजी चिरताना कापलं," दोघेही म्हणाले.

"सोडा बरं पट्टी, पायतो. नर्सच आहो मी," कांताबाई म्हणाल्या.

कोणी सोडली नाही. दोघांनी तशाच बोटांनी पेन धरून सह्या केल्या, आणि कांताबाईंवर गुन्हा दाखल झाला.

आता तुम्ही म्हणाल, काय हे लोक. बरोबर आहे. पण हे पान धरलेल्या तुमच्या बोटाला ती पट्टी कशाची? भाजीच ना?