अठरा हातांचे देऊळ

तारणारा समर्थ, देवमाता प्रसन्न. शके सतराशे त्र्याण्णव, प्रजापतीनाम संवत्सर, ख्रिस्तजन्मापासून अठराशे एकाहत्तर, ते साली समुद्रकाठच्या राज्यी देऊळ उभे राहिले त्याचे वर्तमान. जैसे ऐकिले तैसे लिहिले, कमी काही केले नाही, आणि कोठे वाढविले असेल तर अभिमानाने वाढविले, तो दोष लिहिणाराचा, राज्याचा नव्हे. राज्य म्हणावे तर एक कोस लांब आणि अर्धा कोस रुंद, परंतु ताठा बादशाही. उत्तरेस केळी आणि पानवेली लावणारे वाडीवाले, ती वरची आळी. दक्षिणेस दर्यावर जाणारे, ती बंदरआळी. आणि दोन्ही आळ्यांचे एकमत दोनच गोष्टींवर, एक की देवमाता आपली धनीण, आणि दुसरे की खाडीपलीकडचे लोक फार गर्विष्ठ. राज्याचे जुने देऊळ झावळ्यांचे होते, ते वादळात उडाले, आणि पलीकडच्यांचेही त्याच वादळात उडाले. मग थोरले बिशप महाराज यांनी हुकूम पाठविला की दोन्ही काठांस मिळून एकच मुख्य देऊळ राहील, आजपासून तिसऱ्या वर्षी पास्काच्या, म्हणजे प्रभूच्या पुनरुत्थानाच्या, सणानंतर चौथ्या रविवारी आम्ही होडीने येतो, पहिल्याने तुमचे काठी उतरू, भिंतींवर पुरते छप्पर असले तर देऊळ तेथेच पवित्र करू, नसले तर होडी तैसीच पुढे पलीकडे हाकू. हुकूम लहान, परंतु अर्थ थोर. होडी पुढे गेली की या राज्याची पोरे बापतिस्म्यास खाडी ओलांडून न्यावयाची, आणि मेलेले माणूसही भरतीची वाट पाहून पलीकडेच पुरावयाचे. हे ऐकून दोन्ही आळ्यांत त्या दिवशी चूल पेटली नाही.

त्या समयी राज्याचे दिवाण पाद्री साल्वादोर, आणि बांधकामाचे सेनापती बावतीस मेस्त्री गवंडी. बावतीस मेस्त्री उंचीने माडासारखे, आणि त्यांचा हात कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत असा लांब की त्यांनी मापून दिलेल्या विहिरीत पाणी जास्त राहते ऐसे लोक म्हणत. गज, फूट ही सरकारी मापे त्यांस ठाऊक होती, परंतु मानीत नसत. मेस्त्रींनी दोन वर्षे खपून भिंती उभ्या केल्या, त्या कैशा म्हणाल तर काळ्या दगडाच्या, दोन हात जाड. चुना खाडीच्या शिंपल्यांचा, स्वतः भाजलेला, त्यात गूळ आणि बेलफळाचा गर, आणि तो मळावयास दोन्ही आळ्यांच्या बायका पदर खोचून खड्ड्यात उतरल्या, आणि एकमेकींची उणीदुणी गाण्यात गुंफून चुना तुडविला, म्हणून तो चुना आजही नखाने खरवडत नाही. दर्शनी भिंत तीन मजली, दोन्ही बाजूंस बुरूज, मध्ये देवमातेचा कोनाडा, खिडक्यांस काचेच्या जागी घासून पातळ केलेले शिंपले, त्यातून आत येणारे ऊन दुधासारखे. सभागृहाची रुंदी मेस्त्रींनी आपल्या हाताने अठरा हात धरली. छपरास नऊ तुळया पाहिजेत, प्रत्येक वीस हात, म्हणजे दोन्हीकडे भिंतीवर एकेक हात टेकेल. तुळया तोडण्यास पाच दिवसांच्या वाटेवर, जंगलात, शिमाव सुतार म्हणून एक ख्रिस्ती कारागीर होता, त्यास निरोप धाडावयाचा ठरला. रीत ऐसी की गवंड्याने सुतारास निरोपाबरोबर आपल्या हाताचे सूत द्यावे, म्हणजे गाठी मारलेली दोरी, तिच्यावरून सुताराने कापावे. मेस्त्रींची बायको कातरीन सूत घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "अवो, हे पाठवा. तोंडचा निरोप वाटेत वाळतो." मेस्त्री हसले आणि बोलिले, "अगे, माझा हात कोणाला ठाव नाय? या हातानं सात विहिरी नि दोन बंधारे बांधलेत. वीस हात म्हंजे वीस हात!" आणि सूत खुंटीवर टांगले, आणि निरोप्या तोंडचे शब्द घेऊन निघाला.

मग पास्काचा सण सरला, आणि तिसरे दिवशी पडाव, म्हणजे मालाची मोठी होडी, भरून सागवान आले, आणि त्याबरोबर शिमाव सुतार स्वतः आले. शिमाव सुतार अंगाने ठेंगणे, बोलण्यास मंद, परंतु तुळया ऐशा तासल्या होत्या की हात फिरवला तर कुसळ लागू नये. सारे राज्य जमले. पाद्रीबाबांनी पाणी शिंपडले, वाद्ये वाजली, बंदरआळीच्या खलाशांनी दोर ओढिले, आणि पहिली तुळई वर चढू लागली, आणि पलीकडच्या काठावर त्यांचे लोक हात कपाळाशी धरून पाहत होते, त्यामुळे आपले लोक मुद्दाम मोठ्याने ओरडत होते. तुळई भिंतीच्या माथ्याशी पोहोचली. खालून कोणी विचारिले, "टेकली काय?" भिंतीवरच्याने उत्तर केले, "काय टेकल? खाली येतीय!" आणि खरोखर ती तुळई दोन्ही भिंतींच्या मधून, कोठेही न अडकता, मोठ्या डौलाने सरकत पुन्हा खाली जमिनीवर आली. दुसरी चढविली, तीही तैसीच आली. मग वाद्ये थांबली. मेस्त्रींनी आपला हात लावून तुळई मापली, ती अठरा हातांसही दोन बोटे कमी भरली. शिमाव सुतारांनी आपला हात लावून मापली, ती वीस भरली. सुतारांचा हात मेस्त्रींच्या हाताहून अडीच बोटे तोकडा, आणि ती अडीच बोटे वीस वेळा गेली, म्हणजे चोवीस बोटांच्या हाताने दोन हात आणि वर दोन बोटे गेली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यास.

आता राज्यात गलबला जाहला. वरच्या आळीचे म्हणाले सुतार आंधळा, बंदरआळीचे म्हणाले सुतार पलीकडच्यांना फितूर, आणि दोघेतिघे तर हातघाईवर आले. शिमाव सुतार इतकेच बोलिले, "वीस म्हणालात, वीस आणले. कोणाच्या हातानं, ते सांगितलं नाय." परंतु त्यांचे कोण ऐकतो? सारे मेस्त्रींकडे पाहू लागले. आणि येथे लिहिणारास लिहावयास लाज वाटते, परंतु बखर म्हणजे बखर: बावतीस मेस्त्री गप्प राहिले. सूत आपण खुंटीवर टांगले हे त्यांच्या ओठांपर्यंत आले आणि तेथेच बसले. दोन वर्षांची भिंत, आणि राज्यभर नाव, आणि पलीकडच्या काठावर हशा, हे सारे एका वाक्यावर ओवाळून टाकणे त्यांच्याने झाले नाही. मग शिमाव सुतार पडावाच्या सावलीत जाऊन बसले, त्यांस कोणी पाणी विचारीना. जंगलातून नवी लाकडे आणावी तर पंचवीस दिवसांत तोडणे, वाहणे, तासणे घडत नाही. पाद्रीबाबांनी नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, मांडली, आणि राज्याने हात टेकले.

तिसरे दिवशी दुपारी मेस्त्री उघड्या देवळात भिंतीला पाठ लावून बसले असता कातरीन भाकरी घेऊन आली. अगोदर ती पडावाकडे वळून शिमाव सुतारांस भाकरी देऊन आली होती, हे मेस्त्रींनी पाहिले आणि मान खाली घातली. कातरीन म्हणाली, "तो मानूस तुमच्या वाटची शरम खातोय. भाकर मी दिली, शरम तुम्ही परत घ्या." मेस्त्री बोलिले, "घेतली तरी छप्पर कसं चढल? तुळई आखूड ती आखूडच." तेव्हा कातरीन चिडली आणि म्हणाली, "पोर ओट्यावरून पडत असल तर मी काय त्याचं माप काढीत बसते? हात पुढं करते! तुमच्या एवढ्या जाड भिंतीला हात पुढं करता येत नाय?" मेस्त्रींचा घास तोंडाशीच थांबला. मग उठले आणि भाकरी तैसीच टाकून भिंतीवर चढले, आणि वरून खाली, खालून वर पाहू लागले, आणि कातरीनला वाटले की यांचे डोके फिरले.

मग रविवारी मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, झाली, उघड्या आभाळाखालीच झाली, आणि पाद्रीबाबांनी शेवटचा आशीर्वाद देताच बावतीस मेस्त्री आल्ताराच्या, म्हणजे वेदीच्या, पायरीशी उभे राहिले आणि दोन्ही आळ्यांसमक्ष बोलिले, "सूत मी पाठवलं नाय. खुंटीला हाय अजून, बघून या. शिमाव सुताराची चूक नाय, माझ्या मस्तीची हाय." हा मेस्त्री, ज्याने पाद्रीच्या कानातसुद्धा पाप सांगताना आवाज खाली केला नव्हता, त्याचा आवाज तेव्हा कापला. मग शिमाव सुतार गर्दीतून पुढे आले आणि म्हणाले, "मीबी विचारायला पाहिजे व्हतं." आणि दोघे मिळून वाळूवर काठीने आकृती काढू लागले. युक्ती ऐसी की भिंतीचे वरचे तीन थर उतरावे, तीन तीन हात लांबीचे अखंड दगड आडवे बसवावे, दोन हात भिंतीच्या पोटात आणि एक हात बाहेर, आणि पोटातल्या भागावर पुन्हा भिंत चढवून दाबावी. मग बाहेर आलेल्या दगडी हातांवर तुळया ठेवाव्या. नऊ तुळया, अठरा हात. परंतु इतका लांब घडीव दगड एकवीस दिवसांत कोठला? मेस्त्री घरी गेले, पहार घेतली आणि आपल्या ओट्यापुढची पायरी उपटली. ती आजेसासऱ्यांनी बसविलेली म्हणून कातरीन रोज धुऊन तिच्यावर क्रूस काढीत असे. परंतु पहारीचे दुसरे टोक तिनेच धरिले. ते पाहून शेजाऱ्याने आपली पायरी उपटली, मग त्याच्या शेजाऱ्याने, आणि दुपारी वरच्या आळीच्या नऊ पायऱ्या देवळाशी आल्या हे कळताच बंदरआळीने संध्याकाळच्या आत नऊ आणिल्या, आणि दहावीही आणिली, ती परत नेण्यास तयार होईनात. म्हणून त्या राज्यात आजही एकोणीस घरांत उडी मारून ओट्यावर चढतात, आणि पाहुणा ठेचकाळला तर यजमान मोठ्या अभिमानाने हसतो. मग दगड घडू लागले. मेस्त्रींनी हुकूम केला की प्रत्येकाच्या टोकाशी उताणा तळवा कोरावा, बोटे पुढे, आणि नमुन्यास शिमाव सुतारांना पुढे बसवून त्यांचा हात दगडावर ठेवून रेघ मारिली. सुतार संकोचले, तर मेस्त्री म्हणाले, "तुळई तुझ्या हातानं मापली, ती तुझ्याच हातावर बसल." शेवटची तुळई शुक्रवारी चढली, कौले शनिवारी, आणि कळसाचा क्रूस रविवारी सकाळी, होडी दिसू लागली तेव्हा.

बिशप महाराज उतरले, छप्पर पाहिले, आणि आत येऊन वर पाहिले, आणि त्यांचे पाऊल थांबले. दोन्ही भिंतींतून अठरा हात बाहेर आलेले, प्रत्येकाच्या तळव्यावर तुळई. महाराजांनी विचारिले, "हे पहिल्यापासून ऐसेच बांधावयाचे ठरले होते काय?" पाद्री साल्वादोर दिवाण माणूस, त्यांस ठाऊक की बिशपांपुढे चूक निघाली तर होडी पुढे जाईल, म्हणून त्यांनी "होय महाराज, पुष्कळ विचारांती" येथवर म्हटले, तोच बावतीस मेस्त्री मध्ये बोलिले, "नाय महाराज. तुळया आखूड आल्या. चूक झाली, ती माझी." महाराजांनी पुन्हा वर पाहिले. मग बोलिले, "तुळया खाली येणार नाहीत?" मेस्त्री म्हणाले, "मी त्यांच्याखाली मिस्सा ऐकीन, महाराज. रोज." महाराजांनी विचारिले, "आणि हात कोणत्या संताचे?" मेस्त्री म्हणाले, "संताचे नाय. शिमाव सुताराचे." शिमाव सुतार खांबाआड उभे होते, त्यांनी दोन्ही हात पाठीमागे लपविले. महाराजांनी त्यांस पुढे बोलाविले, हात पाहिला, आपल्या हातात घेतला, आणि हुकूम केला की सर्वांनी बाहेर जावे, दार लावावे, विधीप्रमाणे आम्ही तीन वेळ ठोठावू, आणि दार आतून या माणसाने उघडावे. मग सारे बाहेर गेले, काठी तीन वेळ वाजली, आणि शिमाव सुतारांच्या तोकड्या हाताने मुख्य देवळाचे दार उघडले, आणि होडी पुढे गेली नाही. बावतीस मेस्त्री तेव्हा रडले, आणि ते लपविले नाही.

तात्पर्य, ऐसे देऊळ दुसऱ्या राज्यात नाही, पलीकडच्यांकडे तर मुळीच नाही, ते होडीने येथे येतात आणि मिस्सेत मान वर करून तुळया मोजतात. वादळे पुष्कळ आली, कौले उडाली, हात जागचे हलले नाहीत. आणि त्या राज्यात अजून कोणी कोणास वीस हात म्हटले की ऐकणारा अगोदर विचारतो, "कोणाचे?" आणि उत्तर मिळाल्यावाचून कामास लागत नाही. येणेप्रमाणे वर्तमान घडले, ते लिहिले, वाचणाराचे कल्याण होवो.