आधी चपला काढा

आप्पा रहाळकरांनी माझा चेहरा नीट पाहिला तो आमची ओळख होऊन चांगले सहा-सात महिने उलटल्यावर. तोवर ते मला पायांवरून ओळखत. गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत मी नवाच राहायला आलो होतो. जिन्यात समोरून एक उंच, मान खाली घातलेले गृहस्थ आले. मी "नमस्कार" म्हणालो. त्यांनी माझ्या पावलांकडे बघतच उत्तर दिलं, "सपाट आहेत. पाठ दुखते तुमची."

"नाही हो."

"दुखेल."

आणि दुखली. त्याच आठवड्यात लोखंडी कपाट सरकवताना पाठीत उसण भरली. मी आप्पांना कपाटाचं कारण सांगून पाहिलं, पण त्यांनी ते ऐकून घेतलं नाही. "कपाट निमित्त हो. मूळ तळव्यात आहे," म्हणाले आणि मला हाताला धरून घरी घेऊन गेले. दारातच हुकूम सुटला, "आधी चपला काढा!" चपला तर मी काढणारच होतो, पण आप्पांच्या घरी हे वाक्य इतरांच्या घरच्या "या, बसा"सारखं होतं.

त्यांच्या हॉलमध्ये समोरच्या भिंतीवर, जिथे लोक देवादिकांच्या तसबिरी लावतात तिथे, दोन तळव्यांचा एक भला मोठा रंगीत तक्ता होता. यकृत, मूत्रपिंडं, आतडी, डोळे, कान असं सगळं त्या दोन तळव्यांत काळीपिवळी जीपमध्ये माणसं कोंबावीत तसं कोंबलेलं. नवखे पाहुणे उन्हातून आत आल्यावर त्या तक्त्यालाच हात जोडत. आप्पा त्यांना थांबवत नसत.

मला खुर्चीत बसवून त्यांनी एक लाकडी दट्ट्या काढला आणि माझ्या टाचेच्या वर असा काही रुतवला की मी ओरडलो. आप्पांचा चेहरा उजळला. "दुखलं ना? म्हणजे तिथेच बिघाड आहे." दट्ट्या रुतवला की कुणालाही दुखेलच, हे त्यांना सांगायची हिंमत सोसायटीत कुणाला झाली नव्हती. दुखलं तर बिघाड, आणि नाही दुखलं तर बिघाड जुना होऊन तिथलं चैतन्यच गेलेलं. एकंदरीत त्या खुर्चीतून निरोगी असा कुणी उठतच नसे.

नव्वदच्या दशकातले ते मधले दिवस. आमच्या सोसायटीत तेव्हा आजारी पडायला कुणाला सवडच नव्हती. सगळे बरे होण्यात गुंतले होते. एक जण उशीखाली लोहचुंबक ठेवून झोपे, दुसरा पहाटे तांब्याभर तांब्याचं पाणी पिऊन बागेत जाऊन गडगडाटी हसे, तिसरा स्वतःचंच काय प्यायचा ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी राहायला यायच्या थोडंच आधी कॉलेज रोडवरच्या एका मंगल कार्यालयात बाहेरगावचे एक सफारीवाले डॉक्टर शिबिर घेऊन गेले. ते डॉक्टर कशाचे, हे कुणी विचारलं नाही. आप्पा तिथून काटेरी चपला, लाकडी रूळ, दट्ट्या आणि तो तक्ता घेऊन आले, आणि परत माणसांत आलेच नाहीत.

तसे त्याआधी ते पाटबंधारे खात्यात होते. निफाडकडच्या कालव्यांवर उभं आयुष्य गेलेलं, त्यामुळे शरीरशास्त्रही त्यांनी आपल्या खात्यात वर्ग करून घेतलं होतं. "शरीर म्हणजे काय? कालवाच आहे," ते माझा अंगठा पिरगाळत सांगत. "रक्ताचा मोठा कालवा, आणि लसिकेच्या बारक्या चाऱ्या. तोंडाशी बसलेले हेडवाले पोटभर पाणी पितात, शेवटच्या टोकाच्या टेलवाल्याकडे बघतो कोण? पाऊल म्हणजे टेल. तिथे चारी तुंबली की सगळं शिवार गेलं!" एकदा आमच्या सोसायटीच्या चेअरमनना सगळ्यांसमोर त्यांनी सांगितलं, "तुमचं गेट गंजलंय." चेअरमन सोसायटीच्या फाटकाला रंग द्यायला माणूस बोलवायला निघाले. आप्पा त्यांच्या पोटरीबद्दल बोलत होते.

सणासुदीला त्यांच्या घरी जाणं म्हणजे संकट. तरुण मंडळी नमस्काराला वाकली की आप्पाही त्याच वेळी त्यांची पावलं बघायला वाकत. आमच्या वरच्या मजल्यावरची नवी सून पाडव्याला पाया पडायला वाकली, हे तिच्या टाचांसाठी वाकले, आणि दोघांची डोकी अशी आपटली की बिचारीच्या टिकलीपासून भांगापर्यंत कुंकवाचा पट्टा ओढला गेला. कपाळ चोळत आप्पांनी आशीर्वाद दिला, "कोकमतेल लावत जा. अखंड सौभाग्यवती भव."

देवळाच्या बाबतीत तर पंचवटीत एक प्रसंगच घडला. आम्ही चार-पाच जण दर्शनाला गेलो होतो. आम्ही बाहेर आलो तर आप्पा चपलांच्या ढिगाऱ्यात उकिडवे बसलेले. एकेक जोडी उचलून तळ निरखत होते. "ही बघा, बाहेरच्या अंगाने झिजलीय, हा माणूस पित्ताचा." एवढ्यात तो पित्ताचा माणूस मागे येऊन उभा राहिला. चपलाचोर रंगेहाथ पकडल्याच्या आनंदात त्याने आप्पांची कॉलर धरली. गर्दी जमली. आम्ही त्यांना सोडवायला धावलो तेव्हा आप्पा कॉलर सोडवायचं सोडून त्याला विचारत होते, "सकाळी उठल्यावर तोंड कडू असतं ना?" त्या माणसाचा हात सैल पडला. "तुम्हाला कसं म्हाईत?" तो म्हणाला. आठ दिवसांनी तो आप्पांच्या खुर्चीत चपला काढून बसलेला मी स्वतः पाहिला.

हे सगळं हसण्यावारी जाईल. पण आप्पांच्या घरात एक पाऊल असं होतं की ज्याला हात लावायची त्यांना परवानगी नव्हती, आणि तेच पाऊल खरंखुरं आजारी होतं. ते त्यांच्या बायकोचं, सुमनकाकूंचं.

काकूंचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं, त्यानंतर त्यांचा उजवा पाय सुजू लागला. सकाळी जरा बरा असे, संध्याकाळपर्यंत घोटा दिसेनासा होई. दोनदा पाय लालबुंद होऊन थंडीताप भरला. शरणपूर रोडवरच्या एका डॉक्टरीणबाईंनी, या खऱ्या डॉक्टर होत्या, त्यांनी स्पष्ट सांगितलं की लसिकेचा, म्हणजे अंगात पाझरणाऱ्या पाण्याचा, निचरा होत नाहीये. पाय उंच ठेवा, त्वचा जपा, आणि घरातल्या कुणीतरी रोज हलक्या हाताने चोळायला हवा. दुर्लक्ष केलंत तर पाय असाच जड आणि कडक होत जाईल.

घरातलं कुणीतरी म्हणजे आप्पाच. मुलगा-सून पुण्याला. मला पुढे कळलं की सफारीवाल्यांच्या शिबिरात आप्पा गेले ते ह्यानंतरच, ह्याचसाठी. पण घरी येऊन त्यांनी काकूंना "पाय इकडे कर" म्हटलं, आणि काकूंनी दोन्ही पावलं लुगड्याखाली ओढून घेतली.

"भलतंच काय! नवऱ्याने बायकोच्या पायाला हात लावायचा? मला कुठल्या नरकात घालताय?"

"औषध आहे ते, सुमन."

"औषध बाटलीत असतं. साऱ्या गावाचे पाय दाबा, मी काही बोलले का? माझ्या पायाला हात लावलात तर बघा."

काकू तशा मऊ स्वभावाच्या. दिवेलागणीला रोज आप्पांना वाकून नमस्कार करायच्या. झोपेत चुकून त्यांना पाय लागला तरी अंधारात उठून हात जोडायच्या, असं त्या माझ्या बायकोला अभिमानाने सांगत. माझी बायको म्हणाली, "मग मी चोळून देत जाऊ का?" तर म्हणाल्या, "पोरीबाळींकडून पाय चोळून घ्यायला मी काय संस्थानची राणी आहे?" कामवाल्या बाईंचंही तेच. काकूंनी घरात पायमोजे घालायला सुरुवात केली, ऐन उन्हाळ्यातसुद्धा. सगळ्या सोसायटीची भोवरी आणि कुरूपं ज्या माणसाला तोंडपाठ, त्याला बायकोच्या पावलाची नुसती मोज्याची लोकर ठाऊक होती.

एकदा माझ्या तळव्यावर रोवलेला दट्ट्या आप्पांनी उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "तुम्हाला काडीचाही गुण नाही येत ना?" मी उत्तर द्यायच्या आत तेच म्हणाले, "नाहीच येत. पण हात चालता ठेवावा लागतो हो. उद्या हो म्हणाली तर?" मला त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या खुर्चीत बसून हसू आलं नाही.

मग त्यांनी काकूंना पटवायची मोहीम काढली. काकू शास्त्राशिवाय कुणाचं ऐकत नसत, म्हणून आप्पांनी शास्त्रच गाठायचं ठरवलं. रामकुंडावरचे शंकरगुरुजी रहाळकरांचे पिढीजात उपाध्ये. ओल्या घाटावर अनवाणी उभं राहून गुरुजींच्या टाचांना अशा भेगा पडलेल्या की त्यांत सुपारी बसली असती. आप्पांनी महिनाभर पंचवटीत जाऊन त्यांच्या टाचा मेण लावून बऱ्या केल्या. (मेण लावल्याने भेगा बुजतात, हे मात्र खरं, त्याला तक्ता लागत नाही.) आणि टाचा बऱ्या झाल्यावर निर्णय मागितला.

गुरुजींनी बराच विचार करून सांगितलं, "औषधोपचार म्हणून दोष नाही. एकादशी आणि संक्रांत तेवढी सोडा."

आप्पा धावत घरी आले. काकूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "गुरुजी दाबतात का त्यांच्या बायकोचे?"

आप्पा परत पंचवटीला. गुरुजी खाकरले, शेंडीची गाठ सोडली, बांधली आणि म्हणाले, "आप्पासाहेब, हा प्रश्न शास्त्राबाहेरचा आहे." मोहीम तिथे बुडाली. पावसाळ्यात काकूंना तिसऱ्यांदा ताप भरला, तेव्हा डॉक्टरीणबाई आप्पांवरच ओरडल्या, "अहो, एवढं साधं काम होत नाही का तुमच्याच्याने?" आप्पांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. खरं कारण त्यांनी सांगितलं नाही.

त्यानंतर थोड्या महिन्यांनी आप्पांना साठ वर्षं पुरी झाली. साठीशांत घरच्या घरी करायची असं काकूंच्या मनात होतं, पण आप्पांनी हॉल घेतला, सोसायटी बोलावली, मुलगा-सून बोलावली. होमहवन झालं, हार घालून झाले. आता जेवायला उठायचं म्हणून आम्ही गुडघ्यांवर हात ठेवले, तोच शंकरगुरुजींनी पाटासमोर तांदळाच्या सात राशी मांडायला घेतल्या.

"गुरुजी, शांतीत सप्तपदी कुठे असते?" एका जाणत्या आजोबांनी विचारलं.

"यजमानांची विशेष इच्छा," गुरुजी कुणाच्याही नजरेला नजर न देता म्हणाले. "वराने वधूचा उजवा पाय हाताने धरून एकेका राशीवर ठेवायचा. मोजे काढा, काकू."

काकूंच्या सगळं लक्षात आलं. त्यांनी आप्पांकडे अशा नजरेने पाहिलं की दुसरा कुणी असता तर पाटावरून उठून गेला असता. पण अग्नी पेटलेला, दारात सूनबाई उभ्या, समोर सगळी सोसायटी. शास्त्राला नाही म्हणायचं कसं? त्यांनी मोजा काढला.

आप्पा सोवळं सावरत खाली बसले आणि दोन्ही हातांनी त्यांनी ते पाऊल उचललं. पहिली रास झाली, दुसरी झाली. तिसऱ्या राशीवर ते थांबले. घोट्यावर त्यांचा अंगठा जरासा दाबला गेला होता, तो उचलला तरी तिथला खड्डा तसाच राहिला. आप्पा त्या खड्ड्याकडे बघत राहिले.

"एवढी सूज आहे, सुमन? मला बोलली नाहीस."

"पुढे व्हा. लोक बघतायत," काकू पुटपुटल्या. पण तोल जाऊ नये म्हणून आप्पांच्या खांद्यावर ठेवलेला हात त्यांनी काढला नाही. गुरुजींनी चौथ्या पावलाचा मंत्र दोनदा म्हटला, तेव्हा कुठे आप्पा हलले.

संध्याकाळी हॉलवर राहिलेलं त्यांचं श्रीखंडाचं पातेलं पोचवायला मी त्यांच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. हाक मारणार, तोच आतलं दिसलं. काकू पलंगावर टेकून बसल्या होत्या, उजवा पाय दोन उशांवर. आप्पा पायथ्याशी स्टुलावर, दोन्ही हात पावलाच्या वीतभर वर अधांतरी धरून. साऱ्या सोसायटीचे पाय दाबलेले हात, पण खाली टेकत नव्हते.

"आता काय राहिलंय?" काकू म्हणाल्या. "सकाळी अख्ख्या गावासमोर धरलात ना? लावा."

आप्पांनी हात टेकवले. दट्ट्या नाही, तक्ता नाही, यकृताचं अन् मूत्रपिंडाचं नावही नाही. अगदी हळू, भीत भीत ते गुडघ्यापासून बोटांकडे चोळू लागले. कालव्याचा माणूस, उताराच्या बाजूनेच हात जाणार. काकूंनी डोळे मिटले होते. मिटल्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं, ते त्यांनी पुसलं नाही.

"तसं नाही हो," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. "खालून वर. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी खालून वर सांगितलं होतं."

"तुला आठवतंय?"

"रोज आठवायचं."

 आप्पांनी हात परत खाली बोटांशी आणले आणि वर चोळायला लागले.