सुपडाजी काका आणि माझी शुगर

सुपडाजी काका लग्नाला जाताना अंगावर असेल तोच सदरा घालून जातात. आजारी माणसाला भेटायला जायचं असलं की मात्र इस्त्रीचा पांढरा सदरा, धुतलेली टोपी आणि तेलपाणी केलेली चामड्याची चप्पल. एकदा मी कारण विचारलं. म्हणाले, "सर, लग्नात आपल्याले कोन पाह्यते? सारे नवरीकडं पाह्यतेत. बिमार मानूस मातर खाटीवर पडल्या पडल्या आपल्याकडंच पाहून राह्यते. त्याले जरा बरं दिसलं पाह्यजे का नाई?"

नांदुऱ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं घर आहे. उभी हयात कापसाच्या जिनिंगमध्ये गेली. काकू जाऊन बरीच वर्षं झाली आणि मुलगा सुरतेला असतो. आमच्याकडे कोणी दुखण्यानं पडलं की भेटायला जावंच लागतं. नाही गेलं तर लोक विसरत नाहीत, नातवाच्या लग्नातही टोमणा मारतात. त्यामुळे बाकीचे लोक हे काम कर्तव्य म्हणून उरकतात. काकांना त्याची हौस आहे. पंचाहत्तरी उलटून एसटी फुकट झाली तेव्हापासून तर त्यांचा इलाखाच वाढला. पूर्वी ते नांदुऱ्यापुरते होते. आता जळगाव जामोदला कोणाचा पाय मोडो की अमडापुरात ऑपरेशनला कोणाचं पोट फाडोत, काका बिस्किटचा पुडा घेऊन सकाळच्या गाडीत हजर.

आजारांची त्यांनी प्रतवारीही केलेली आहे. हृदयाचं ऑपरेशन सगळ्यात वर. मग लकवा, मग पथरी, मग शुगर. "बीपीले मी जात नाई," ते सांगतात, "बीपी तं आजकाल साऱ्याइलेच आहे. रोज कोनाकोनाच्या घरी जाऊ?" एखादा माणूस ते पोचायच्या आतच बरा होऊन शेतात गेलेला असला तर ते जरा नाराज होतात. खाटेशेजारी बसले की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "हे तं काहीच नाई!" आणि मग याहून भयंकर दुखण्याची गोष्ट. ती ऐकून रोग्याला निदान एवढं समाधान मिळतं की आपण त्या गोष्टीतले नाही.

आता माझं सांगतो. मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवतो. मेंदू कसा चालतो हे मी पोरांना रंगीत खडूंनी आकृत्या काढून शिकवत आलोय. हा अवयव आपल्याही डोक्यात आहे आणि तोही बिघडू शकतो, हे मात्र माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. मागच्या पावसाळ्यापासून माझं कशातच मन लागेना. पहाटे जाग यायची आणि उठणं जिवावर यायचं. वर्गात बोलता बोलता मी गप्प व्हायचो. पोरांना वाटायचं, सर आता मोठा प्रश्न विचारणार, आणि ती बिचारी भीतीनं वह्या उघडायची.

शेवटी बायकोनं, म्हणजे वंदनानं, मला मनाच्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरवलं. खामगाव जवळ होतं, पण तिथे माझी सासुरवाडी. म्हणून अकोला. दवाखान्यात बाकावर पाहतो तर आमच्याच शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी! दोघांनाही धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"तुम्ही इकडे कसे?" मी विचारलं.

"मेहुण्याले घेऊन आलो. तुम्ही?"

"मीसुद्धा मेहुण्यालाच."

दोघांचेही मेहुणे कुठे दिसत नव्हते. कंपाउंडरनं माझं नाव पुकारलं तेव्हा मी मोठ्यानं म्हणालो, "थांबा, मेहुण्याला पाठवतो," आणि स्वतःच आत गेलो.

डॉक्टर भला माणूस होता. त्यांनी डिप्रेशन म्हणून सांगितलं, गोळी लिहून दिली आणि म्हणाले, "फायदा दिसायला काही आठवडे जातील. मनानं बंद करू नका." फायद्याचं ते म्हणाले तसंच झालं, तो काही लवकर आला नाही. त्रास मात्र दुसऱ्याच दिवशी वेळेवर हजर. तोंडाला अशी कोरड पडायची की 'प्रकाशसंश्लेषण' म्हणेपर्यंत जीभ टाळूला चिकटायची. बाटली घेतल्याशिवाय मी वर्गात जाईना. भर थंडीत घाम यायचा. पोटाचं तर विचारूच नका. गोळ्या कोणाला दिसू नयेत म्हणून मी त्या त्रिफळा चूर्णाच्या डब्यात लपवल्या होत्या, आणि एक दिवस मला खरोखरच त्रिफळ्याची गरज पडली तेव्हा त्या डब्यात त्रिफळा नव्हता.

जांभयांनी तर माझी अब्रूच घेतली. मुख्याध्यापकांच्या भाषणात जांभई आली हे एकवेळ चालून गेलं, कारण तिथे सगळ्यांनाच येते. पण चुलतसासऱ्यांच्या मयतीत, ऐन तिरडी उचलताना, मी जबडा दुखेपर्यंत जांभया दिल्या. वंदनानं पदराआडून माझ्याकडे असं पाहिलं की दुसरी तिरडी तयारच ठेवावी. आणखीही एक परिणाम होता. त्याबद्दल डॉक्टरांना विचारायची मला लाज वाटली आणि वंदनानं मला काही विचारलं नाही, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

हे सगळं सुपडाजी काकांच्या नजरेतून कसं सुटणार? एका संध्याकाळी ते ओट्यावर येऊन बसले.

"पानी लय पिऊन राह्यले सर आजकाल."

"ऊन आहे ना काका."

"डिसेंबरात?"

माझ्या हातातल्या बाटलीकडे त्यांनी पाहिलं, मग कपाळावरच्या घामाकडे पाहिलं, आणि नेमकी तेव्हाच मला एक लांबलचक जांभई आली. मी "हे तं काहीच नाई" ची वाट पाहत होतो. पण काका नुसता चहा पिऊन निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला म्हणाला, "सर, शुगर निघाली म्हनते तुमची?"

दुपारपर्यंत शाळेत, संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीत बातमी झाली. मला आधी काकांचा राग आला. मग लक्षात आलं की अरे, हे तर फारच सोयीचं आहे! शुगर हा इभ्रतीचा आजार. तो मोठमोठ्या लोकांना होतो. तहान, थकवा, घाम, अकोल्याच्या खेपा, सगळं एका शब्दात बसत होतं. वंदना म्हणाली, "अहो, लोकांशी खोटं कशाला?" मी म्हणालो, "मी कुठे काय बोललो? मी फक्त नाही म्हणत नाही."

आणि मग माणसांची रीघ लागली. कोणी कारली आणली, कोणी जांभळाच्या बियांची पूड. समोरच्या काकूंनी मेथ्या भिजवून पाठवल्या. ज्याच्या घरी जावं तिथे बिनसाखरेचा चहा. एका लग्नात माझ्या ताटातली जिलबी काकांनी स्वतःच्या हातानं उचलली आणि माझ्यादेखत खाल्ली, वर म्हणाले, "सर, जिवाले जपा." मला नसलेल्या आजाराचं पथ्य मी जितकं कडक पाळलं, तितकं असलेल्या आजाराचं कधी पाळलं नाही. एक मात्र खरं. संध्याकाळी ओटा माणसांनी भरला, सोयाबीनच्या भावापासून कोणाच्या सुनेपर्यंत गप्पा चालल्या, की मला बरं वाटायचं. त्या वेळापुरतं छातीवरचं ओझं उतरायचं.

पण सोंग फार दिवस निभत नाही. शाळेत मोफत शुगर तपासणी शिबिर जाहीर झालं आणि मुख्याध्यापकांनी उद्घाटनाला पहिलं बोट माझंच धरायचं ठरवलं, मी शाळेतला जाहीर रुग्ण म्हणून. शुगर नसल्याचं निघालं तर लोक विचारणार, मग अकोल्याला कशासाठी जाता? तिथून खरी गोष्ट बाहेर यायला कितीसा वेळ? मनाच्या गोळ्या खाणाऱ्या मास्तरसमोर उद्या पोरं कशी बसतील, त्यांचे आईबाप काय म्हणतील, याच विचारानं मला घाम फुटला. यावेळी तो गोळीचा नव्हता. मी ठरवलं, गोळ्याच सोडायच्या. म्हणजे तहान नाही, जांभया नाहीत, अकोला नाही आणि काही लपवायलाही नको. डॉक्टरांना न विचारता मी त्या बंद केल्या. लगेच चक्कर यायला लागली, मान वळवली की डोक्यात झिणझिण्या उठायच्या, आणि पहाटेचं ते जुनं काळं मन परत आलं. तरी मी हट्टानं तसाच राहिलो.

शिबिराच्या सकाळी मी आणखी एक शास्त्रीय प्रयोग केला. बसस्टँडवर जाऊन पोटभर जिलबी खाल्ली. निदान आजच्या दिवस तरी शुगर वाढावी! पण माझं शरीर माझ्याइतकं खोटारडं नाही. नर्सबाईंनी बोटाला सुई टोचली, यंत्राकडे पाहिलं आणि साऱ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सर, तुम्हाले कोनं सांगतलं शुगर आहे म्हनून? एकदम नॉर्मल आहे तुमची!"

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. तेवढ्यात मागून इस्त्रीचा पांढरा सदरा पुढे आला.

"निघालीच नॉर्मल!" काका ओरडले. "मी म्हनलं होतं ना? कारल्याचा रस देला मी सरले, स्वताच्या हातानं! बाकीच्याइनं आपली डॉक्टरची गोळी सोडू नका बरं, सांगून ठेवतो. सरची आत्ताच सुरुवात होती म्हनून जमलं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी नव्हे, कारल्यासाठी. मी वाचलो होतो.

परत येताना काका सोबत होते. त्यांच्या घरापाशी आलो तेव्हा म्हणाले, "या सर, बसा." अंगणात दोन खुर्च्या होत्या. मी बसलो. काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"गोळी बंद केली ना तुम्ही?"

"कोणती गोळी?"

"सर, हप्ताभरापासून तुम्ही पानी पेत नाई. भिताडाले हात लावून चालून राह्यले. ते मी सारं भोगलं आहे. मी बी तेच गोळी खाल्ली. जांभया देऊ देऊ जबडा दुखे माह्या. मधात मनानं बंद केली, तं असा आपटलो का उठताच येईना. तुम्ही तसं नका करू. डॉक्टरले फोन लावा आजच."

मी एवढंच विचारलं, "मग काका, तुम्ही लोकांना शुगर का सांगितली?"

"मंग काय सांगू? खरं सांगतलं असतं तं एक तरी मानूस चढला असता का तुमच्या ओट्यावर? शुगर म्हटलं का गाव येते, कारले घेऊन येते. मनाचं दुखनं म्हटलं तं लोकं दारावरून जातानी आवाज बी देत नाई. अन् या दुखन्यात मानसाले मानूसच लागते, सर."

"तुम्हाला कोण आलं होतं भेटायला?"

हा प्रश्न काकांना आयुष्यात कोणी विचारलेला दिसत नव्हता. ते रस्त्याकडे पाहतच बोलायला लागले.

"तुमची काकू होती तवा. तिले वाटे लोकं येतीन. रोज सांजच्याले ते अंगन झाडे, शेजारून खुर्च्या मांगून आने, अन् मी आंग धुवून इथं बसो. लोकं जात समोरून. रामराम घालत अन् पुढं चालले जात. अंधार पडला का ते खुर्च्या वापस करून ये. लय दिवस चाललं तसं. मंग एक दिवस मीच म्हटलं तिले, राहू दे, नको आनू."

या माणसाला आम्ही गल्लीभर हसत होतो, आणि सगळ्यात जास्त मीच. दुपार टळत आली होती. घरी वंदना वाट पाहत असणार आणि डॉक्टरांना फोनही लावायचा होता. मी तिथे बसूनच तो लावला. ते म्हणाले, आजच परत सुरू करा, आणि उद्या येऊन भेटा. मग मी फोन खिशात टाकला आणि खुर्ची काकांच्या जवळ ओढली.

"काका, तेव्हा काय काय झालं होतं तुम्हाला? पहिल्यापासून सांगा."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. टोपी पुन्हा डोक्यावर घातली, ती नीट केली.

"लय टाइम लागन, सर."

"लागू द्या," मी म्हणालो. "मी भेटायला आलोय."