अंड्याच्या कॉफीवरील स्वारी आणि हरबाजीपंतांचा 'वा'

श्रीगजाननास नमन, श्रीशारदेस नमन आणि चुलीवरील आधणास तिसरे नमन करोन हे वर्तमान लिहिले आहे. वाचणाराने हात धुवोन वाचावे. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. ते समयी एके राज्यी (राज्याचे नाव लिहू नये ऐशी ताकीद आहे) महाराज सकाळचे कॉफीस विटले. दूध तेच, भुकटी तीच, वरची सायही तीच. आणि मग पूर्वेकडे फिरोन आलेले तीन असामी दरबारी हजर जाले आणि सांगो लागले जे, वियतनाम देशी हनोई म्हणोन तळ्यांचे नगर आहे, तेथे फार वर्षांमागे दुधाचा तुटवडा पडला, तेव्हा कोणी शहाण्याने अंड्याचा बलक घोटोन कॉफीवर ओतला, आणि पुढे दूध परत आले तरी लोकांनी बलक सोडला नाही. महाराज पुसते जाले, "चव कशी?" पहिला बोलिला, "महाराज, साबणाचा फेस." दुसरा बोलिला, "छे छे, पातळ केलेला स्वर्ग!" तिसरा रडो लागला, आणि का रडतो हे त्यास सांगता येईना. मग महाराज बोलिले, "हा घोळ चाखणिसावाचोन मिटणे नाही. बोलवा पंतांना."

चाखणीस म्हणजे हरबाजीपंत. दौलतीत जे शिजे ते आधी यांचे जिभेवर जाई, मग महाराजांचे ताटी येई. कमरेस चांदीचा चमचा, तीच हुद्द्याची खूण. निकाल द्यावयाचे ते तीनच : 'परत न्या', 'चालेल' आणि 'बरे आहे'. चौथा 'वा' हा कागदोपत्री होता, परंतु पणज्याचे पणज्यापासोन कोणी उच्चारिला नव्हता. आणि घरीही तोच कायदा. पत्नी मथूबाई, त्यांचे हाती ऐशी चव की शेजारील राज्याचे वकील भांडावयास येत आणि आमटीचे वासाने तह करोन जात. परंतु बावीस वर्षांत पंत 'बरं आहे' यापलीकडे गेले नाहीत. म्हणत, "अगं, जीभ दौलतीची. घरच्या आमटीवर 'वा' खर्चला तर सरकारी मालाचा अपहार होईल, आणि पदावरून हाकलतील." मथूबाई यावर पळी जोराने ठेवीत.

मग अंडे चालते की नाही याविषयी शास्त्रीबोवांस पुसले. शास्त्रीबोवा बोलिले, "राजाज्ञेने गिळलेले पोटात मोजत नाहीत. माझ्यासाठीही एक आणा." मग मुहूर्त पाहोन मेतकूट, भाजणी, लोणच्याची बरणी आणि मथूबाई ऐसा सरंजाम घेवोन पंत विमानात बैसले आणि हनोईस दाखल जाले. तेथे लियेनबाई म्हणोन एक प्रौढ बाई जिन्यावरचे खोलीत कॉफी करीत. बसावयास पाटाहून उंच आणि स्टुलाहून ठेंगणे ऐसे काही होते, त्यावर पंत बसले तेव्हा गुडघे कानास लागले. भोवती देशोदेशीचे पाहुणे. एक फिरंगी कपाचे फोटो काढीत होता, काढता काढता फेस बसला, मग तो बसलेल्या फेसाचे काढो लागला. एक बाई अंडे ऐकताच जिना उतरली आणि वास येताच परत चढली, ऐसे तीनदा जाले. एक थोराड गृहस्थ दोन चमचे खावोन टेबलास मिठी मारोन होता, त्यास कोणी सोडवीत नव्हते.

मग पंतांपुढे कॉफी आली. लहानसा कप, वर पिवळा दाट फेस, आणि तो कप गरम पाण्याचे वाडग्यात उभा. पंतांनी घरचे रिवाजे कप उचलोन बाजूस ठेविला, वाडगे बशीप्रमाणे दोहो हाती धरिले, फुंकर घातली, सगळे पाणी भुरके मारोन प्याले आणि बोलिले, "बरे आहे. थोडे पाणचट." लियेनबाईंनी कपाळास हात लाविला. मथूबाई बोलिल्या, "अहो, ते कपाचे पाय शेकायचं पाणी आहे! वरचं प्या!"

मग पंतांनी चांदीचा चमचा काढोन फेसात घातिला आणि तोंडात नेला, आणि मग खालील कडू काळ्या कॉफीपर्यंत चमचा बुडवोन दुसरा घोट घेतला, आणि ते समयी जे जाले ते कधी जाले नव्हते. पंतांच्या भिवया वर गेल्या त्या खाली येईनात. कान तांबडे जाले. स्टूल मागे कलंडले तरी पंत तसेच अधांतरी बसोन राहिले. आणि मिशीस फेस लावोन, भर लोकांत, मोठ्याने बोलिले, "वा!" आणि पुन्हा, "वा, वा, वा!" फिरंगी टाळ्या पिटो लागला. टेबलास मिठी मारलेल्या गृहस्थाने एक हात सोडोन पंतांचा हात दाबला. एक मथूबाई तेवढ्या पंतांकडे वळोन बसल्या.

"काय म्हणालात?"

"कुठं काय?"

"म्हणालात. मी ऐकलं, सगळ्यांनी ऐकलं, त्या गोऱ्यानं फोटोसुद्धा काढला. बावीस वर्षं! पुरणपोळ्या केल्या, अळूची भाजी केली, तुमच्या आईंना जमल्या नाहीत त्या साटोऱ्या केल्या. तेव्हा जीभ दौलतीची. आणि आज काय जीभ सुट्टीवर आली होती?"

"अगं, सुटला तोंडातून! पण रोजचं ताट चाटूनपुसून ठेवतो की नाही मी?"

"ताट मांजरही चाटतं!" ऐसे बोलोन मथूबाई उठल्या आणि तडक लियेनबाईंचे मुदपाकखान्यात शिरल्या. दोघींस एकमेकींची भाषा ठावकी नव्हती. मथूबाईंनी पंतांकडे बोट दाखविले, मग स्वतःकडे, मग पळी ढवळल्याची खूण केली, मग बोटांनी बावीस मोजोन दाखविले, आणि मग हात पालथा करोन हालविला, म्हणजे 'बरं आहे'. लियेनबाईंस अवघे कळले. त्यांनी कोपऱ्यात पेंगत बसलेल्या आपल्या यजमानांकडे बोट केले आणि तसाच हात हालविला. मग दोघी हसल्या, आणि लियेनबाईंनी घोटणी मथूबाईंचे हाती दिली.

तीन दिवस आत रण माजले. अंडी फुटो लागली, बलक आणि आटीव दूध एक होवो लागले, मनगटे गरगरो लागली. पंत बाहेर ठेंगण्या स्टुलावर बसोन राहिले; कोणी पुसले तर सांगत, "मोहीम चालू आहे." चौथे दिवशी मथूबाई बाहेर आल्या आणि बोलिल्या, "आता ही कॉफी मी दरबारात करणार. तिथे 'बरं आहे' म्हणालात तर माझं इकडचं तिकीट काढा. लियेनबाईंना हाताखाली माणूस हवंच आहे." पंतांचे तोंडचे पाणी पळाले. 'बरे आहे' म्हणावे तर बायको जाते, 'वा' म्हणावे तर घरच्यांवर सरकारी जीभ खर्चिली म्हणोन हुद्दा जातो. विमानात पंतांनी भाजणीस हात लाविला नाही.

मग दरबार भरला. चौक माणसांनी भरोन गेला, नगारे ठेविले, आणि मथूबाईंनी पदर खोचोन घोटणी धरिली. बलक आधी पिवळा, मग लोण्याचे रंगाचा, मग ऐसा दाट जाला की चमचा त्यात उभा राहिला. तो उभा पाहोन प्रधान उभे राहिले, प्रधान उभे म्हणोन दरबार उभा राहिला, आणि महाराज एकटेच बसले होते तेही संकोचोन उभे राहिले. वर मथूबाईंनी जायफळ किसले, ही त्यांची स्वतःची करणी, आणि कप वाडग्यात उभा करोन पंतांपुढे ठेविला. "घ्या. पाणी पिऊ नका."

पंतांनी पहिला घोट घेतला आणि भिवया वर गेल्या. मागे हनोईस गेल्या होत्या त्याहून बोटभर अधिक. मग पंतांनी चांदीचा चमचा धुतला, पुसला, महाराजांचे पायापाशी ठेविला आणि बोलिले, "महाराज, आजपासोन जीभ माझी." मग मथूबाईंकडे वळोन ऐसे "वा!" बोलिले की नगारे आपोआप वाजले आणि शास्त्रीबोवांचा कप हातातून सुटता सुटता राहिला. आणि पंत थांबेनात. या कॉफीस एक, अळूचे भाजीस एक, साटोऱ्यांस दोन, ऐसे बावीस वर्षांचे 'वा' दरबारी काढो लागले. मथूबाई बोलिल्या, "पुरे, लोक बघताहेत," परंतु पदर डोळ्यास लाविला. आणि महाराजांनी कॉफी पिवोन चमचा उचलिला आणि दुसरे कोण म्हणोन चाखणिशी मथूबाईंस दिली.

सारांश, महाराजांची सकाळ गोड जाली, पंत घरी बसले आणि बलक घोटो लागले. पंधरा अंडी वाया जावोन सोळाव्यास कॉफी उतरली, ती त्यांनी मथूबाईंपुढे ठेविली. मथूबाईंनी चांदीच्या चमच्याने चाखिली, हुद्द्याचा विचार केला आणि बोलिल्या, "बरं आहे." आणि कप परत दिला. पंतांनी पाहिला तो बोट फिरवोन आतून लखलखीत, वरोन काठही चाटिलेला. पंत हर्षे करोन बोलिले, "कप मांजरही चाटतं हं!" ऐसी हकीकत जाली, पंत दुसरा कप करावयास आत गेले, तेथे ही लेखणी धुवोन ठेविली.