पाचच तर वॅट आहेत!

"बाई, आकड्यावर जाऊ नका. हे वॅट दिव्याचे नव्हेत," असं म्हाताऱ्या लूबोने कोरिनला अगदी स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं. कोरिनने ते ऐकलं आणि सोडून दिलं. लूबोच्या दुरुस्तीच्या दुकानात तारा जोडायला डाग देण्याचा धूर भरला होता, पोटाशी झोळीत आठ महिन्यांची टेस होती, आणि धूर टेसच्या नाकात जातोय का, याकडे कोरिनचं सगळं लक्ष होतं.

टेसच्या बाबागाडीत त्या दिवशी नवऱ्याचा, म्हणजे एल्डनचा, गिटारचा शंभर वॅटचा ॲम्प होता. पोस्टमनला गळ घालून तिने तो गाडीत चढवून घेतला होता. जुन्या व्हॉल्व्ह रेडिओच्या जातीचं, आत काचेच्या नळ्या असलेलं ते धूड. एका कोपऱ्यावर टेसने, म्हणजे टेसच्या हाताला धरून कोरिननेच, बदकाचं पिवळं चित्र चिकटवलेलं. लूबो आधी कौतुकाने गाडीत वाकला आणि मग चष्मा काढून पुसू लागला.

"हा घ्या आणि पाच वॅटचा द्या. वाढदिवसाची भेट आहे," कोरिन म्हणाली.

"राहता कुठे?"

"इथेच, युक्लिड गावात. जोडघर आहे. मधली भिंत सामाईक."

"मग पाचही जास्त होतील. शंभराचे पाच केले म्हणून आवाज काही विसावा हिस्सा होत नाही. निम्म्याच्या थोडा खाली येतो, एवढंच. त्यातून वाजवणारा कसा आहे, त्यावर आहे सगळं."

"मी संख्याशास्त्र शिकलेय," कोरिन हसून म्हणाली. लूबोवर दया आल्यासारखं ते हसणं होतं.

तिच्या दृष्टीने प्रश्न साधा होता. टेस रात्री झोपत नसे, सकाळी झोपत नसे. झोपायची ती दुपारी एक ते तीन. त्या दोन तासांच्या भरवशावर कोरिनने शाळेच्या पुस्तकांतली गणितांची उत्तरं तपासायचं काम घरबसल्या घेतलं होतं. पहिलाच गठ्ठा वेळेवर गेला नाही, तर दुसरा मिळणार नव्हता. म्हणून दारावर पाटी होती : 'बाळ झोपलंय. बेल वाजवणाऱ्याने बाळ पुन्हा झोपवून जावं.' आणि पावाची गाडी चालवणारा एल्डन नेमका एक वाजताच घरी यायचा. शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये तळलेल्या माशांचं जेवण असे, तिथे तो गिटार वाजवायचा, आणि त्याची तयारी करायला त्याला तेवढाच वेळ असे.

त्यातल्या त्यात शेजार उत्तम होता. भिंतीपलीकडे मिसेस झुपान, वय वर्षं एक्याऐंशी. टेस झाल्यापासूनच्या आठ महिन्यांत त्यांच्याकडून भांडं पडल्याचाही आवाज आला नव्हता. कोरिन येईल त्याला सांगायची, "असा शेजार भाग्याने मिळतो!"

एल्डनने भेट उघडली आणि त्याचे डोळे भरून आले. मग त्याने बटण फिरवलं, सरळ दहावर, आणि तारा छेडल्या.

भिंतीवरचा लग्नाचा फोटो खाली आला. फ्रिजवरच्या बाटल्या एकमेकींवर आपटल्या. मग पाळण्यातून टेसचा सूर लागला. तो अडीच तास लागलेलाच राहिला.

"अरे, वेडबिड लागलंय का तुला?"

"पाचच तर वॅट आहेत!"

"शंभरचा होता तेव्हा एकच्या पुढे बटण नेत नव्हतास!"

"शंभरचा होता म्हणूनच! भीती वाटायची. कोरिन, हा व्हॉल्व्ह तापून ओरडायला लागल्याशिवाय गातच नाही. शंभरवाल्याला ओरडायला लावलं असतं तर काचा फुटल्या असत्या. सहा वर्षं मी पुठ्ठा वाजवावा तसा वाजवला तो. पाचवाला कोणी एकवर ठेवतं का? हसतील लोक!"

तेव्हा कुठे कोरिनला उमगलं, की सहा वर्षं या घरात जी शांतता नांदत होती ती त्या शंभर वॅटच्या धाकाने. आणि त्या धाकाला तिने स्वतःच्या हाताने बाबागाडीत घालून बाहेर पोचवलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती पाचवाला घेऊन लूबोकडे गेली.

"काय म्हणतंय संख्याशास्त्र?" लूबोने विचारलं.

"एक वॅटचा आहे का?"

"आहे. पण सांगून ठेवतो..."

"द्या!"

एक वॅटच्या ॲम्पमुळे एल्डनची उरलीसुरली भीडही गेली. पाचवाल्यावर त्याने निदान गोधडी तरी टाकली होती. आता म्हणाला, "एका वॅटवर कसली गोधडी? मुंगीला स्वेटर घालण्यातली गत!" टेस रोज एकला झोपे, एक वाजून दहा मिनिटांनी उठे. गणितांचा गठ्ठा टेबलावर तसाच पडून होता. दिलेल्या मुदतीतले चार दिवस उरले होते.

शेवटी कोरिनने ॲम्प उचलला आणि जिन्याखालच्या कोटांच्या कपाटात नेऊन ठेवला, तोंड मागच्या भिंतीकडे करून. पुढे हिवाळी कोट, स्कार्फ, बर्फातले बूट. वायर दाराच्या फटीतून बाहेर काढली. एल्डनने तारा छेडल्या. खूप दूर कुणीतरी वाजवतंय असं वाटलं. टेस झोपलेलीच होती.

"शिकलेली बाई आहे मी," कोरिन म्हणाली.

दोन दिवस स्वर्ग होता. अर्धा गठ्ठा तपासून झाला. तिसऱ्या दिवशी कपाटाच्या मागून ठोके ऐकू आले. ठक, ठक, ठक. त्या कपाटाची मागची भिंत म्हणजेच ती सामाईक भिंत, आणि ॲम्पचं तोंड गेले दोन दिवस थेट मिसेस झुपानच्या दिवाणखान्यात होतं, हे तेव्हा तिच्या ध्यानात आलं.

"बंद कर!" ती हातवारे करत कुजबुजली. एल्डनने बंद केलं. ठोके आणखी जोरात आले.

"आता बंद केलं तरी राग?" एल्डन पुटपुटला.

कोरिनने ॲपल पाय फ्रिजमधून काढला, टेसला एल्डनच्या खांद्यावर टाकलं आणि पलीकडचं दार वाजवलं. मग जोरात वाजवलं. मग लाथेने.

"ये ये, पोरी," मिसेस झुपान म्हणाल्या. "मोठ्याने बोल हं. माझे कान गेलेत."

"माफ करा, आमच्या आवाजाने..."

"तेच विचारते, थांबला का तो? दोन दिवस खुर्ची भिंतीला टेकवून बसतेय मी. पाठीत छान गुणगुणतं. ताल धरला, तर लगेच बंद!" त्यांनी कोपऱ्यातल्या पेटीकडे बोट दाखवलं. भात्याचा, बटणांचा जुना अकॉर्डियन होता. "चाळीस वर्षं नाचाचा पोल्का वाजवला मी चर्चच्या हॉलमध्ये. नवरा गेला, मुलं ॲरिझोनात. आता वाजवते, पण मलाच ऐकू येत नाही. मग कशाला वाजवायचं?"

कोरिनचा जीव इतका हलका झाला, की ती नको ते बोलून गेली. निघताना दारात उभं राहून माणूस नेमकं असंच बोलतो.

"वाजवा की! आम्हाला काहीच त्रास नाही. लूबोकडे अकॉर्डियनला लावायचे माइक आणि छान छान ॲम्प असतात."

"किती वॅटचा घेऊ गं?"

"तो सांगेल बरोबर," कोरिन म्हणाली, आणि उरलेली गणितं तपासायला पळाली.

सोमवारी एक वाजता टेस झोपली. एक वाजून पाच मिनिटांनी संपूर्ण घर उजवीकडून डावीकडे हललं. पलीकडे पोल्का सुरू झाला होता. कोरिन धावत गेली. मिसेस झुपानच्या दिवाणखान्याच्या मध्यभागी, कोपऱ्यावर पिवळं बदक मिरवत, शंभर वॅटचं ते धूड बसलं होतं.

"लूबो म्हणत होता पाच पुरे," मिसेस झुपान ओरडून म्हणाल्या. "मी म्हटलं, कान कुणाचे आहेत, तुझे की माझे? हे बघ, दहावर ठेवलाय. ऐकू येतंय मला!"

त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं. मुदत गेली, असं मनाशी म्हणत कोरिन परत आली. एल्डन पाळण्यापाशी तोंडावर बोट ठेवून उभा होता. पाळणा घराबरोबर डुलत होता आणि टेस दोन्ही हात पसरून, तोंड उघडं टाकून घोरत होती. तीन वाजेपर्यंत घोरली. गठ्ठा वेळेवर गेला. दुसराही आला.

मग रोजचं ठरून गेलं. एकला पलीकडे पोल्का, अलीकडे कपाटातून एल्डनची साथ, आणि मधे टेसची झोप.

पुढच्या महिन्यातल्या एका बुधवारी एल्डन अजून आला नव्हता आणि टेस दीड वाजता ताडकन उठून बसली. कोरिनने लंगोट बघितला, ताप बघितला, दात बघितले. सगळं ठीक होतं. मग तिच्या लक्षात आलं, की घर हलत नाहीये. पलीकडे काहीच वाजत नव्हतं. तीच ती शांतता, जिचं तिने आठ महिने कौतुक केलं होतं.

टेसला काखोटीला मारून ती अनवाणी धावली. दार वाजवलं, लाथ मारली, मागच्या खिडकीतून आत गेली. मिसेस झुपान जमिनीवर बसल्या होत्या, डोकं ॲम्पच्या मागच्या बाजूत, हातात टॉर्च.

"नळी गेली वाटतं," त्या म्हणाल्या. "तू अनवाणी का? काय झालं?"

"काही नाही," कोरिन म्हणाली, आणि तिथेच खाली बसली.

लूबोला फोन तिनेच लावला.

"व्हॉल्व्ह मिळेल, पण दोन दिवस लागतील," तो म्हणाला. "तोवर पाच वॅटचा पाठवू का? घरात तेवढा पुष्कळ होतो, मी पहिल्यापासून सांगतोय."

"चालणार नाही," कोरिन म्हणाली. "शंभराच्या खाली काहीही पाठवू नका. बाळाला झोप लागत नाही."

ते दोन दिवस टेस झोपली नाही, आणि कोरिन दर तासाला भिंतीवर तीनदा ठोकत राहिली. पलीकडून उत्तर येत होतं, पण थोडं उशिरा, कारण कान गेलेत.

तुमच्याही भिंतीपलीकडे कुणी असेल. कधी भांडं आपटत नाही, कधी तक्रार नाही, असा शेजार भाग्याने मिळतो म्हणता तुम्ही. हे वाचून झालं की जरा उठा, आणि त्यांचं दार वाजवून या. ऐकू गेलं नाही तर जोरात वाजवा.